टप वाचवलात, मेस्त्री

आदरणीय मेस्त्री,

सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलो की तुम्ही "बरा बरा, पावस कसो आसा थय?" म्हणून विषय बदलता. तीन वेळा असं झालं. म्हणून आता लिहूनच काढतोय. उघड लिहितोय, कारण जुन्या गाड्यांच्या नादाला लागलेली मुलं हे वाचतील आणि त्यांच्या गल्लीत पत्र्याचं काम जाणणारा एखादा म्हातारा डेंटर असेल तर कटर हातात घेण्याआधी त्याच्याकडे जातील. तुमच्या पुतण्याला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला ओटीवर बसवून वाचून दाखवेल. मध्येच उठू नका.

आमची गाडी तुम्हाला पाठ आहे, पण इतरांसाठी सांगतो. १९५१ ची शेवरोले पिकअप, अर्धा टन माल वाहणारी. आजोबांनी ती लालबागच्या आमच्या मसाल्याच्या डंकासाठी, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या गिरणीसाठी, घेतली. मशीद बंदरातून बेडगी आणि संकेश्वरी मिरचीची, धण्याची पोती भरून आणायची, हेच तिचं आयुष्यभराचं काम. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि शिवडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तो कारखाना १९५४ मध्ये बंद झाला, पण तिथे हात बसलेले फिटर आसपासच्या चाळींतच राहत होते. त्यांच्या जिवावर ही गाडी पुढे कितीतरी वर्षं चालली. मग इंजिनाने मान टाकली आणि ती डंकाच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली. मी लहानपणी तिच्या हौद्यात बसून गृहपाठ केलाय.

बाबा गेल्यावर शेड रिकामी करायची वेळ आली. भंगारवाला किलोवर भाव सांगून गेला, त्या रात्री मी ठरवलं की हिचा हॉट रॉड बांधायचा. हे वेड अमेरिकेतलं. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड घेऊन कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाटीवर पळवायची. १९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाच्या गाडीत आठ सिलेंडरचं व्ही-एट इंजिन दिलं. महायुद्धावरून परतलेल्या जवानांनी तर त्या गाड्यांचं सोनं केलं. जड ते सगळं काढून टाकायचं, मडगार्ड उतरवायचे, गाडी जमिनीलगत आणायची, टप, म्हणजे गाडीचं छत, कापून दोन-चार इंच खाली बसवायचा म्हणजे वारा कमी अडतो. मला त्यातला कापलेला टपच सगळ्यात जास्त हवा होता. बसक्या टपाची, डोळे बारीक केल्यासारखी दिसणारी पिकअप.

उपनगरातल्या एका गॅरेजने 'करून देतो' म्हणून आगाऊ पैसे घेतले. दोन महिन्यांनी गेलो तर पुढच्या काचेजवळचा डावा खांब आरपार कापलेला, टप त्या बाजूला अर्धा इंच बसलेला, दरवाजा लागत नव्हता आणि पुढचं काम कसं करायचं ते तिथल्या कोणालाच सांगता येत नव्हतं. मी गाडी ट्रेलरवर घालून परत आणली. घरी कोणाशी बोललो नाही. आजोबांची गाडी मी माझ्या हौसेपायी मोडून ठेवली, एवढंच डोक्यात होतं.

तुमचं नाव मला कुर्ल्याच्या एका स्पेअर पार्टवाल्याने दिलं. म्हणाला, जुन्या प्रीमियरच्या कारखान्यात बॉडीवर काम केलेले मालवणी मेस्त्री आहेत, आता गॅरेज बंद केलंय, पण विचारून बघ. तुम्ही आलात ते हातात फक्त छत्री घेऊन. मी कापलेला खांब दाखवायला लागलो तर तुम्ही तिकडे पाहिलंच नाही. सरळ उजव्या बाजूला गेलात आणि उजवा दरवाजा उघडलात, बंद केलात. पुन्हा उघडलात. आठ-दहा वेळा. दरवाजा आणि खांब यांच्यातल्या फटीवरून वरपासून खालपर्यंत करंगळी फिरवलीत आणि म्हणालात, "ह्यो दरवाजो सरळ आसा. म्हणजे ह्येच्यावरून त्येचा माप गावता." मला त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट श्वास आला.

मग विचारलंत, "टप कित्या कापतंस रे झिला?" मी सगळा इतिहास सांगितला, तळी, वारा, वेग. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. हे मी विसरणार नाही, कारण तोवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने पहिल्या वाक्यालाच हात झटकला होता. मग तुम्ही मला केबिनच्या मागे नेलंत आणि कोपऱ्यातल्या त्या दोन गोल काचांवर बोट ठेवलंत. पुढची काच दोन सपाट तुकड्यांची, ती कोणीही कापून देईल. पण मागच्या कोपऱ्यातल्या काचा वळणाच्या आहेत, त्या कापायला गेलं की तडकणार, आणि त्या मापाच्या नवीन कोण बनवून देणार? शिवाय खांब तिरके आहेत. चार इंच कापून टप सरळ खाली आणला तर वरचा खांब खालच्या खांबावर बसतच नाही, टप मधून चिरून लांबवावा लागतो. एक काप सुधारायला दहा काप.

आणि पासिंगचं काय, हेही तुम्हीच विचारलंत. मी तोवर तो विचार मागे ढकलत होतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रात उत्पादकाच्या मूळ तपशिलानुसार जे लिहिलंय त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा ठामपणे सांगितलं. उलट २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, पण चॅसी, बॉडी, इंजिन मुळातलं हवं. म्हणजे टप कापला असता तर तो दरवाजाही कायमचा बंद. माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही म्हणालात, "जा बोल्टान बसता, ता बोल्टान सुटता. तसली गाडी बांध." पुढची तीन वर्षं आपण या एका वाक्यावर काम केलं.

त्या खांबाचं काम मी जन्मात विसरणार नाही. आधी केबिनच्या आत पाइपांची फुली मारून सगळं जखडलंत, म्हणजे वेल्डिंगच्या उष्णतेने टप सरकू नये. उजव्या खांबाचा पुठ्ठ्यावर फर्मा काढला, तो उलटा करून डावीकडे लावला. दारूखान्यातून आणलेल्या जहाजाच्या पत्र्यातून आतली पट्टी कापली, ती खांबात बाहीसारखी सरकवली, मग टाके. एक टाका इथे, दुसरा पार समोरच्या टोकाला, मध्ये ओला फडका आणि थांबणं. मी घाई केली की तुम्ही काही न बोलता गॅसची चावी बंद करायचात. संध्याकाळी दरवाजा लावून पाहिला. 'खट्' असा एकच आवाज आला, उजव्या दरवाज्यासारखा. तुम्ही नुसतं विडीचं बंडल शोधायला लागलात. मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो, कारण मला रडू आलं होतं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतो.

हौद्याच्या पुढच्या फळीची शिवण तापवली तेव्हाचं आठवतंय? पत्र्याच्या दुमडीत कित्येक वर्षांची मिरचीपूड अडकून बसलेली, ज्योत लागल्याबरोबर असा खाट उठला की आपण दोघं आणि शेजारच्या डंकावरच्या बायकासुद्धा ठसकत गल्लीत आलो. आई वरून ओरडली, "कोण भाजतंय संकेश्वरी?" इतक्या वर्षांनी तिला मिरची ओळखता आली! ती शिवण तुम्ही मला पूर्ण साफ करू दिली नाहीत, एक कोपरा तसाच ठेवायला लावलात. उन्हाळ्यात गाडी तापली की तिथून अजून वास येतो.

तुम्ही मला कामगार म्हणून राबवलं असतं तरी चाललं असतं, पण तुम्ही शिकवलंत. डाव्या मागच्या मडगार्डवर मी लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, थापायला निघालो तेव्हा डबा काढून घेतलात. "लांबी म्हणजे उधारी," एवढंच बोललात आणि हातात हातोडी-डॉली दिलीत. आतून डॉली, म्हणजे टेकूचा लोखंडी ठोकळा, धरायची, बाहेरून हलक्या हाताने ठोकायचं, मग कानस फिरवायची. कानस फिरली की उंच जागा चमकतात आणि खोलगट जागा काळ्या राहतात. पत्रा आपणच सांगतो कुठे मारायचं ते. जिथे ठोकून ठोकून पत्रा फुगला आणि बोटाने दाबल्यावर टकटक वाजायला लागला, तिथे रुपयाएवढा लाल ठिपका तापवून ओल्या फडक्याने आवळायचा. ते मडगार्ड मी तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा तुम्ही डोळे मिटून, फडक्यावरून तळहात फिरवलात आणि पुढच्या मडगार्डकडे वळलात. शाबासकी तीच होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.

मुंबईच्या हवेचंही तुम्हीच सांगितलंत. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी लाल झालेला असतो, म्हणून त्याच संध्याकाळी प्रायमर, कितीही कंटाळा आला तरी. आणि पावसाळ्यात रंगाला हात लावायचा नाही, हवेतली ओल धरून तो पांढुरका पडतो. चार महिने वाया जातात म्हणून मी चिडचिड करायचो. त्या चार महिन्यांत तुम्ही माझ्याकडून हौद्याचा तळ करून घेतलात. आमच्या पाडलेल्या चाळीच्या सागवानी तुळया चिरून आणलेल्या, मध्ये लोखंडी पट्ट्या, कंपनीने केला होता तसाच.

इंजिनातलं आपल्याला फार कळत नाही म्हणालात, पण व्हाइट मेटल ओतणाऱ्या भायखळ्याच्या म्हाताऱ्याकडे मला नेलंत तुम्हीच. ते २१६ क्युबिक इंचाचं सहा सिलेंडरचं इंजिन आज जागचं आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग ओतीव असतात आणि त्यांना तेल उडवून मिळतं, म्हणून ते उगाच पिळायचं नाही. हॉट रॉडचा साज म्हणून दोन कार्बोरेटर आणि दोन वेगळ्या एक्झॉस्ट नळ्या घातल्या. हे इंजिन एक, पाच, तीन, सहा, दोन, चार असं पेटतं. पुढच्या तिनातला एक, मग मागच्या तिनातला एक, पुन्हा पुढचा. म्हणून पुढच्या तिनांचा धूर एका नळीतून आणि मागच्या तिनांचा दुसरीतून सोडला की दोन्ही नळ्या आळीपाळीने, सारख्या अंतराने बोलतात. मूळ मॅनिफोल्डला कटर लावला नाही. कमानीचे जे पाटे उतरवून गाडी खाली आणली, तेही नंबर घालून, ग्रीस लावून, गोणपाटात बांधून माळ्यावर आहेत. रस्त्यावर काढायची तर आधी मूळचं सगळं परत चढणार. हॉट रॉड म्हणून ती फक्त खासगी आवारात पळते, तिथवर ट्रेलरवरून जाते. मूळचं परत चढवणं दोन दिवसांचं काम आहे आणि सगळं पान्याने होतं.

मजुरी तुम्ही घेतलीत, रोजची, ठरली तेवढीच. शिकवण्याचे पैसे द्यायला गेलो तर रागावलात. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, त्या आठवड्यात तुम्ही काम करताना फारसं बोलला नाहीत. मग जेवणाच्या वेळी म्हणालात की त्या टॅक्सींपैकी कितीतरी तुमच्या हाताखालून गेल्या आणि हे काम शिकायला एकही पोरगा बसला नाही. मी तेव्हा काय बोलावं ते न सुचून डबा पुढे केला. मेस्त्री, मी बसलो होतो. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, फक्त रविवारी, पण बसलो होतो. शेजारच्या सोसायटीतली दोन मुलं आता माझ्याकडे येतात, त्यांनाही मी लांबीचा डबा देत नाही.

तुम्ही गुडघ्यांमुळे गावी गेलात आणि गाडी त्यानंतर दोन महिन्यांनी पहिल्यांदा सुरू झाली, याची मला हळहळ आहे. म्हणून फोन लावून सायलेन्सरजवळ धरला होता. तेलाच्या दाबाचा काटा पंधरावर स्थिर होता, या इंजिनाला तेवढंच पुरतं. दोन्ही नळ्या जशा बोलायला हव्यात तशा बोलत होत्या. तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मला वाटलं लाइन तुटली. मग आवाज आला, "मागचो पाइप हलता. क्लॅम्प आवळ." वाकून पाहिलं तर डाव्या नळीचा शेवटचा क्लॅम्प सैल होता. आवळला.

तुमची ती जुनी डॉली, बोटांच्या खुणा पडलेली, इथेच राहिलीय. मी वापरतो आणि रोज पुसून ठेवतो. चतुर्थीला गावी येतोय, तेव्हा घेऊन येऊ, की राहू दे माझ्याकडे? पुतण्याला सांगा, तो मला कळवेल.

तुमचा,
लालबागचा झिल