घरी ड्रेसिंगला येणाऱ्या आमच्या सिस्टरला

सिस्टर, तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "आधी पाणी कोमट करा" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे लिहिते.

आमच्या आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डाव्या घोट्याच्या वर आतल्या बाजूला १४ महिने जखम होती. सगळं आयुष्य मेसमध्ये उभ्याने पोळ्या लाटण्यात गेलं, व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) होत्याच. पावडर झाली, हळद झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले, पण पाणी गळायचं, चादर भिजायची, वास यायचा, आणि आईंनी चार लोकांत बसणंच सोडलं. खरं सांगू, मलाही किळस यायची आणि मग त्या किळसेचीच लाज वाटायची. हे मी नवऱ्यालाही नाही सांगितलं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "होते तसं, तुम्ही जेवलात का?"

पहिल्या दिवशी तुम्ही टाईट पट्टी बांधलीच नाही. आधी डॉपलर (पायातला रक्तप्रवाह बघायची तपासणी) करून या म्हणालात, कारण पायाला रक्त नीट पोचत नसेल आणि वरून दाब दिला तर पायच धोक्यात येतो. रिपोर्ट चांगला आला तेव्हा बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत दाबाची पट्टी बांधली. शिरांमधलं रक्त वर चढत नाही, खालीच साचते, मग नुसत्या मलमाने जखम कशी भरणार, हे आम्हाला समजेल असं पहिल्यांदाच कोणी बोललं. मे महिन्यात ४५ डिग्रीत कूलरसमोर बसूनही आतून खाज सुटायची, आई म्हणायच्या काढून टाक बाप्पा हे, आणि तुम्ही ऊन चढायच्या आधी सकाळी ७ ला दारात हजर.

आणि ते प्लास्टिक! जखमेवर दोन पदरी पारदर्शक प्लास्टिक ठेवून मार्करने कडेकडेने रेघ ओढायच्या, खालचा पदर फेकायचा, वरच्यावर तारीख टाकून आईंच्या हातात द्यायचा. आई ते एकावर एक ठेवून उजेडात धरून बघायच्या. आधी पुरीएवढी, मग लिंबाएवढी, मग चण्याच्या दाण्याएवढी. माझ्या सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, त्या रेघेवर बसला.

मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीला, आई नागपूरच्या महाल भागात जाऊन आल्या, चालत, पायात ते घट्ट मोजे घालून (ते आता कायमचे, माहीत आहे, मी स्वतः रोज सकाळी त्या उठायच्या आधी चढवते). "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" इतक्या जोरात ओरडल्या की शेजारची बाई वळून बघायला लागली.

शेवटच्या प्लास्टिकवर तारीख टाकायची राहिली आहे सिस्टर. आईंनी ते देवघरात ठेवलंय, मला तारीख टाकू देत नाहीत, म्हणतात ती येऊन टाकेल.