महापौरांचं मशीन कुठे आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१५ जानेवारीला मुंबई महापालिकेचं मतदान करायला मी मुलीबरोबर इथल्या एका शाळेत गेले होते. माझ्या पुढे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. शाई लावून झाली, बटण दाबून झालं, ‘बीप’ वाजला, तरी त्या तिथेच उभ्या. अधिकाऱ्याला म्हणाल्या, “आणि महापौरांचं मशीन कुठे आहे?” रांगेत खसखस पिकली. बाई ओशाळून बाहेर गेल्या. नंतर गेटपाशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की त्यांच्या धाकट्या बहिणीने दीडच महिन्यापूर्वी, २ डिसेंबरला, गावाकडे नगरपरिषदेसाठी तीन मतं दिली होती. प्रभागातल्या नगरसेवकांना दोन आणि एक थेट नगराध्यक्षांना. मग एवढ्या मोठ्या मुंबईत एकच मत कसं?

मला हसू आलं नाही, कारण त्यांचा प्रश्न रास्त होता. निवृत्त होऊन मुलीकडे राहायला येण्याआधी मी कोकणातल्या एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेत सभा लिपिक होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, सगळी माणसं ओळखीतली आहेत. सभा लिपिक म्हणजे विषयपत्रिका काढणारी, नोटिसा नगरसेवकांच्या घरी पोचल्याच्या सह्या घेणारी आणि सभेत कोपऱ्यातल्या टेबलावर बसून इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, लिहिणारी. वीस वर्षांहून जास्त काळ मी हेच केलं. त्यामुळे २१ डिसेंबरला निकाल लागल्यावर आपल्या वर्तमानपत्रासकट सगळीकडे जे तक्ते छापून आले, ते पाहून राहवलं नाही. अमुक पक्षाचे इतके नगराध्यक्ष, तमुक पक्षाचे तितके. त्या गावांच्या सभागृहात बहुमत कोणाचं आलं, हे बहुतेक तक्त्यांत नव्हतंच. म्हणजे लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाचं नाव छापायचं आणि मुलीचं राहून जायचं, तसं झालं.

मुंबईच्या वाचकांना या कारभाराची कल्पना नसते, त्यांना दोष नाही. इथे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, त्याची मुदत अडीच वर्षं, आणि अंमलबजावणीचे अधिकार १८८८ च्या कायद्याने आयुक्तांच्या हाती. महापौरपदाच्या आरक्षणाची सोडतसुद्धा या वेळी निकालानंतर निघाली. आमच्याकडे सोडत आधी निघते, कारण अध्यक्ष मतदार निवडणार. गावातल्या अर्ध्या पुढाऱ्यांची पाच वर्षांची तयारी त्या एका चिठ्ठीत वाहून जाते आणि मग कोणाच्या सौभाग्यवतींचे फोटो एका रात्रीत चौकात लागतात, ते मी इथे सांगत बसत नाही.

आमचा कायदा वेगळा, १९६५ चा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम. लाखाच्या वरचं शहर ‘अ’ वर्ग, चाळीस हजारांपासून लाखापर्यंत ‘ब’, त्याखाली ‘क’. तुमच्या जवळचं माथेरान घ्या. २०११ च्या जनगणनेत तिथे साडेचार हजारसुद्धा वस्ती नव्हती, पण नगरपरिषद आहे, अध्यक्ष आहे, सभागृह आहे. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. ती २०१६ मध्ये महापालिका झाली आणि थेट अध्यक्षाचा तिचा प्रश्नच मिटला.

आता हा ‘थेट’ शब्द. दर थोड्या वर्षांनी तो बदलतो. २००१ मध्ये थेट निवड झाली, २००६ मध्ये ती बंद होऊन नगरसेवकांतून अडीच वर्षांचा अध्यक्ष आला, २०१६ मध्ये पुन्हा थेट, महाविकास आघाडीच्या काळात पुन्हा रद्द, २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा थेट. माझ्या नोकरीत मी दोन्ही प्रकार टेबलावरून पाहिले. नगरसेवकांतून निवड असायची तेव्हा निवडीच्या आधी आठ दिवस नगरसेवक गावात नसायचे. कुठे गेले विचारलं तर घरचे म्हणायचे, देवदर्शनाला. थेट निवडीने ती तीर्थयात्रा संपली, हे चांगलंच झालं. पण तिच्या जागी काय आलं, ते सांगण्यासाठी हे पत्र.

एक सभा सांगते. थेट निवडून आलेले आमचे अध्यक्ष एका पक्षाचे. सभागृहात सतरा नगरसेवक, त्यांतले आठ त्यांच्या बाजूचे, नऊ विरुद्ध. विषय क्रमांक सहा, मासळी मार्केटवरचे गळके पत्रे बदलणे. याला कोणाचा विरोध असेल? नव्हताच. नऊजणांच्या गटनेत्याने उठून सांगितलं, “विषय चांगला आहे, पण अंदाजपत्रक आम्हाला नीट बघायचं आहे, पुढच्या सभेत घ्या.” मतं मोजली, नऊ विरुद्ध आठ. मी लिहिलं, ‘सदर विषय पुढील सभेत ठेवण्याचे बहुमताने ठरले.’ पुढच्या सभेत तेच. त्याच्या पुढच्या सभेत गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेसे सदस्यच न आल्याने, सभाच तहकूब.

दरम्यान पावसाळा लागला. मार्केटात बायकांनी निळी ताडपत्री बांधली होती. तिच्या पोटात पाणी साचून मधोमध फुगा यायचा. दर दहा मिनिटांनी कोणीतरी काठीने तो खालून वर ढकलायचं, की पाणी भसकन कडेला, बहुतेक वेळा कोणाच्या तरी बांगड्यांच्या टोपलीत. अध्यक्ष सकाळी मासे घ्यायला गेले की शिव्या त्यांना. एका म्हातारीने मला ऑफिसात येऊन विचारलं, “नगराध्यक्ष आमी निवडून दिलो, मगे तेका अडयता कोण?” मी तिला काय सांगणार? इतिवृत्ताची वही दाखवणार?

चौथ्या सभेत विषय मंजूर झाला. कसा? आमच्या विषयपत्रिकेत पहिला विषय कायम ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ आणि शेवटचा कायम ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. या दोन ओळींच्या मधे गाव चालतं असं लोकांना वाटतं. खरं गाव शेवटच्या ओळीत चालतं. त्या दिवशी आयत्या वेळी गटनेत्यांच्या प्रभागातलं गटार आलं, अध्यक्षांनी परवानगी दिली, आणि पत्रे व गटार दोन्ही एका दमात ‘सर्वानुमते मंजूर’. सूचक एका बाजूचा, अनुमोदक दुसऱ्या बाजूचा. एवढी एकजूट मी त्या सभागृहात क्वचितच पाहिली.

बरं, ठराव झाला म्हणजे पत्रे आले असं नाही. ठराव सभागृहाचा, पण सही मुख्याधिकाऱ्यांची. मुख्याधिकारी राज्य सरकार नेमतं, बदली तेच करतं. सभेत त्यांनी बसायचं, विचारलं तर बोलायचं, मत मात्र द्यायचं नाही. सभा संपली की अंमलबजावणी, कर्मचारी, पैसा, निविदा हे सगळं त्यांच्याकडे. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यादेश, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद आणि शेवटी ठेकेदाराचं देयक. ही फाईल मधल्या एखाद्या टेबलावर असतानाच आमच्या मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. नवे आले, त्यांनी फाईल पहिल्यापासून वाचली, वाचायलाच हवी. पत्रे बसेपर्यंत दुसरा पावसाळा निम्मा झाला होता.

याच्या वर जिल्हाधिकारी. सभागृहाने काही वावगा ठराव केला तर त्याची अंमलबजावणी त्यांना थांबवता येते, कलम ३०८. आमच्या नगरसेवकांना कायद्यातलं दुसरं काही येवो न येवो, हा आकडा पाठ. हरलेली बाजू सभा संपायच्या आत म्हणायची, “तीनशे आठमध्ये जातो.” कधी ते खरोखर उपयोगाचं ठरलं, कधी नुसता धाक.

मुख्याधिकारीच सगळं करतात, तर मग सभागृह हवं कशाला, असं माझ्या जावयाने विचारलं. तो आयटीत आहे, त्याला सगळं डॅशबोर्डवर दिसायला हवं. त्याला मी वेंगुर्ल्याचं उदाहरण दिलं. तिथल्या मुख्याधिकाऱ्यांनी कचरा वेगळा करण्याचं मनावर घेतलं आणि डम्पिंग ग्राउंडची जागा लोक बघायला जातील अशी झाली. तो म्हणाला, “बघा, मग अधिकारीच पुरे.” पण बायका घराघरांत ओला-सुका वेगळा करायला लागतात ते सरकारी आदेशाने होत नाही, प्रभागातला नगरसेवक दारात उभा राहतो तेव्हा होतं. आणि अधिकारी एकटा पुरतो का, ते नंतर सगळ्या राज्याने पाहिलंच. २०२१-२२ च्या सुमारास मुदती संपल्या आणि बहुतेक नगरपरिषदा सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे गेल्या. मुंबईसुद्धा मार्च २०२२ पासून या निवडणुकीपर्यंत प्रशासकाकडेच होती. खोटं कशाला बोलू, त्या काळात काही फायली भराभर हलल्या, कोणी ‘पुढच्या सभेत घ्या’ म्हणणारं नव्हतं. माझ्या जागी आलेल्या मुलीचा फोन यायचा, “मॅडम, सभाच नाही, लिहू काय?” ठराव व्हायचे, प्रशासकांचे, एकाच सहीचे. कुठला रस्ता का घेतला आणि कुठला का सोडला, हे विचारायला जागा नव्हती. आमच्या नऊ-आठच्या सभागृहात निदान भांडण तरी इतिवृत्तात यायचं. ‘आमचा विरोध नोंदवा’ असं कोणी म्हटलं की मी तो नावानिशी नोंदवायचे आणि उद्या कोणीही नागरिक माहिती अधिकारात तो मागू शकायचा.

पैशाचं थोडक्यात सांगते. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर. आमच्याकडे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं आणि उरलेलं सगळं सरकारी अनुदान, नगरोत्थान योजनेचं, वित्त आयोगाचं. मार्चमध्ये वसुलीसाठी रिक्षावर भोंगा फिरतो आणि नळ तोडायला निघालेल्या माणसाला वाटेत तीन नगरसेवकांचे फोन येतात. अनुदान कुठल्या कामाला आलं ते मंत्रालयात ठरलेलं असतं, त्यामुळे ‘अध्यक्षांनी दोन कोटींचा रस्ता मंजूर केला’ ही बातमी वाचली की मला हसू येतं. त्यांनी पाठपुरावा केला असेल, खेपा घातल्या असतील, त्याचं श्रेय द्या. मंजुरी देणारे ते नव्हेत.

तरीही थेट निवड बरी, असंच माझं मत आहे. गावात अध्यक्षांचं घर सगळ्यांना माहीत असतं, सकाळचा चहा व्हायच्या आत ओटीवर चारजण बसलेले असतात. इथे आमच्या टी वॉर्डात एका तुटलेल्या झाकणासाठी मी कोणाकडे जायचं हे विचारत तीन टेबलं फिरले. पण थेट अध्यक्ष हवा तर मतदाराला बटण दाबतानाच कळायला हवं, की तिसरं मत एकीकडे आणि पहिली दोन दुसरीकडे गेली, तर मधे मासळी मार्केट येतं. लोक तसं मत देतात, विचार करूनही देतात. सगळी सत्ता एकाकडे नको, हाही विचारच आहे. मग त्याचा हिशेबही त्यांना दिसू द्या.

म्हणून विनंती एवढीच, की नगरपरिषदांच्या बातम्या देताना अध्यक्षांच्या नावाशेजारी सभागृहातलं संख्याबळ छापा. उपाध्यक्ष कोण झाला, स्वीकृत (निवडणूक न लढवता नेमलेले) सदस्य कोण घेतले, विषय समित्यांचे सभापती कोण, हे निवडणुकीनंतरच्या पहिल्या एक-दोन महिन्यांत ठरतं आणि पुढची पाच वर्षं कशी जाणार ते तिथेच समजतं. मुंबईतही महापौरांच्या गळ्यातल्या हारांपेक्षा खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत कोण बसलं याला जास्त रकाने मिळोत.

माझ्या गावचा निकाल मला पेपरातून अर्धाच कळला. उरलेला फोनवरून मिळवला. आता नगरसेवक वीस झाले आहेत. माझी बहीण आनंदाने सांगत होती, “नगराध्यक्ष आपलो इलो!” मी विचारलं, सभागृहात किती? तिला माहीत नव्हतं. शेजाऱ्याला विचारून तिने तासाभराने परत फोन केला. अकरा-नऊ, अकरा समोरचे. फोन ठेवता ठेवता म्हणाली, मासळी मार्केटचे पत्रे पुन्हा गळायला लागले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त सभा लिपिक,
मुलुंड (पूर्व), मुंबई