चिठ्ठीवर छपाईची पद्धत लिहा

रविवारच्या पुरवणीतील अजरखवरच्या (कच्छमधील लाकडी ठशांच्या पारंपरिक हातछपाईवरच्या) लेखात मुंबईत मिळणाऱ्या स्क्रीन छपाईच्या, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून रंग दाबून छापलेल्या, कापडाला सरसकट ‘नक्कल’ म्हटले आहे, ते पटले नाही. स्क्रीनमध्येही प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. या चौकटींच्या खुणा एकमेकींशी जुळल्या नाहीत की नक्षीच्या कडेला पांढरी रेघ राहते. पिगमेंटचा, म्हणजे कापडाच्या पृष्ठभागावर बसणारा, रंग १५० अंशांच्या आसपास चार-पाच मिनिटे नीट पक्का केला नाही, तर चोळताच हाताला लागतो. हे कसबच आहे. फसवणूक होते ती हेच कापड ‘हँडब्लॉक अजरख’ म्हणून विकताना. अस्सल अजरखला नक्षीच्या काही भागांवर रंग चढू नये म्हणून चुना-डिंकाची छपाई, नीळ आणि पुनःपुन्हा धुणे लागते. पाणीसुद्धा तसेच हवे: २००१च्या भूकंपानंतर कच्छमधील धमडक्याच्या पाण्यात लोह वाढले, रंग बिघडू लागले, म्हणून खत्री कारागिरांनी अजरखपूर वसवले. अजरखचे नाव स्क्रीनच्या कापडाला लावणे हा दोन्ही कारागिरांवर अन्याय आहे. ग्राहकांनी कापड उलटून पाहावे. पिगमेंटची नक्षी मागून बहुधा फिकी दिसते. मंगळदास मार्केटपासून दादरपर्यंतच्या दुकानदारांनी किमतीच्या चिठ्ठीवर छपाईची पद्धत लिहावी, आणि प्रदर्शने भरवणाऱ्यांनी गाळा देतानाच तशी अट घालावी.

— एक छपाई व्यावसायिक, लोअर परळ, मुंबई