तांब्याचा तळ सपाट का निघतो?

संपादक महोदय,

शाळा उघडून महिना-दीड महिना झाला की नव्या चित्रकला शिक्षकाचा चेहरा उतरतो. नेमणूक तात्पुरती, आठवड्याला वर्गाचा एकच तास, तोही कुणाला हवा असला की गणिताला जातो. उरलेल्या वेळात स्वागताचे फलक आणि रांगोळ्या. दुसऱ्या वर्षी फळ्यावर मोर निघतो, मुले तो उतरवतात आणि शिक्षक मनाने नोकरी सोडून मोकळा होतो. चित्रकार रवी परांजपे याच बेळगावात के. बी. कुलकर्णींकडे शिकले, हे भाषणात सांगायला ठीक. सोमवारच्या तिसऱ्या तासाला त्याने काही हलत नाही. मानधनाचे गाऱ्हाणे खरे आहे, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.

मोर बंद करावा आणि टेबलावर स्टीलचा तांब्या ठेवावा. बहुतेक मुले तोंड बांगडीसारखे गोल काढतात आणि तळ पट्टीने ओढल्यासारखा सपाट. तोंड गोल आहे आणि तांब्या टेबलावर नीट बसला आहे, हे त्यांना ठाऊक असते. ठाऊक असते ते काढतात, दिसते ते नाही. इथे समजावणे फुकट जाते. काचेचा ग्लास अर्धा भरून डोळ्यांच्या रेषेत धरायला द्यावा. पाण्याची कड सरळ रेघ दिसते. ग्लास वीतभर खाली नेला की तीच रेघ उघडून लंबगोल होते, आणि तळ डोळ्यांपासून आणखी खाली असल्याने त्याचा लंबगोल तोंडाच्या मानाने जास्त उघडा दिसतो. मग परत तांब्या. आता नवी चूक येते, लंबगोलाची टोके होडीसारखी निमुळती होतात. मनगट न टेकवता, खांद्यातून हात फिरवत पेन्सिल न उचलता चार-पाच फेऱ्या मारल्या की टोके वळतात. मागच्या बाकावरून ‘सर, तळ वाकडा पायजे न्हवं?’ असा प्रश्न आला की शिक्षकाचाही जीव विषयात अडकतो.

खानापूरच्या पावसात जलरंगाला हात घालू नये. कागद वाळत नाही, ओल्यावर दुसरा रंग चढतो आणि सगळा राडा होतो. (वर्गाला पाण्याचा एकच डबा असेल तर उन्हाळ्यातही तेच. बाकाला दोन डबे हवेत, एक कुंचला धुवायला, एक रंग कालवायला.) रंग दसऱ्यानंतर, तोवर पेन्सिल आणि अक्षरलेखन. बोरू बांबूच्या कामटीचा होतो. टोक चार मिलिमीटर रुंद ठेवून तिरके कापावे, मधोमध बारीक चीर द्यावी, नाहीतर शाई एकदम ओघळते. मुले मनगट फिरवतात, म्हणून काना वर जाड आणि खाली बारीक निघतो. बोरूचा कोन कायम ठेवला की जाड-बारीक आपोआप येते. त्याच बैठकीत कन्नड अक्षरे घ्यावीत. तिथे सलग शिरोरेघ नाही, बहुतेक अक्षरांचे तलेकट्टु, म्हणजे डोक्यावरची छोटी रेघ, सुटे आणि बाकी सगळे वळणावर. दोन्ही लिप्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातल्या. फरक हातालाही कळू दे.

मातीकाम थंडीत. खानापूरची माती भिजवून चाळावी, कणकेसारखी मळावी. भिंत बोटभराहून जाड नको. जाड वस्तूत ओल राहते आणि भट्टीत तिची वाफ होऊन वस्तू फुटते. कान जोडताना दोन्ही बाजू ओरखडून मातीची पातळ राबडी लावावी. सुकत आलेल्या भांड्याला ओला कान लावला तर तो जास्त आकसतो आणि गळून पडतो. वाळवायचे सावलीत, आठवडाभर.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच्या तासाला एक बुरूज. गल्लोगल्ली मुले किल्ले करतातच. नुसती माती थापून उभा केलेला बुरूज दुसऱ्या दिवशी तडकतो. आत विटांचे तुकडे रचून वर दोन बोटे माती लिंपली तर टिकतो. हे वर्गातच करून दाखवावे, कुणी गणिताला तास मागायच्या आत.

आपले,
काही निवृत्त कलाशिक्षक,
खानापूर तालुका, जि. बेळगाव