शकुंतलेचा पाय कुठे गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत राजा रविवर्म्यावरचा लेख वाचला, लेख बराय पण सोबतचं शकुंतलेचं चित्र बघून डोकंच सणकलं. चित्र खांद्यापाशी कापलंय आणि खाली लिहिलंय 'लाजरी शकुंतला'. अहो ती लाजत नाहीये, बघतेय! पायात काटा रुतल्याचं नाटक करून थांबलीये, एक पाय वर, तोल जाऊ नये म्हणून मैत्रिणीच्या खांद्यावर हात, आणि मान पार मागे वळवून दुष्यंत दिसतोय का ते बघतेय. पायच कापला तर उरलं काय, साबणाच्या जाहिरातीतली बाई.

आमच्या कोकणातल्या घरी माजघरात हेच चित्र होतं, छापील, एका कोपऱ्याला वाळवी लागलेलं. रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि मग राजवाड्यातली चित्रं आमच्यासारख्यांच्या भिंतींवर आली. आजी त्याच्याखाली बसून तांदूळ निवडायची. लहानपणी मी विचारलं हिच्या पायाला काय झालंय, तर सुपातनं मान वर न करता म्हणाली, "काही झालं नाही गो तिला, बघायचंय."

बरं हे रविवर्म्याच्या मनचं पण नाही, कालिदासाचंच आहे. त्याच्या 'शाकुंतल' नाटकाच्या पहिल्या अंकात दुष्यंत झाडाआड लपून या मुली झाडांना पाणी घालतायत ते निवांत बघत उभा राहतो, भुंगा शकुंतलेला सतावायला लागला की मग रुबाबात बाहेर येतो, झाडाआड लपून काय करत होतास असं त्याला कुणी विचारत नाही. तिला मात्र जाताना जरा थांबून मागे बघायचं तर दर्भ टोचायला लागतो आणि वल्कल फांदीत अडकायला लागतं. दुसऱ्या अंकात राजा विदूषकाला स्वतःच सांगतो की वल्कल अडकलेलं नसतानाच ती सोडवत बसली होती. म्हणजे राजाला कळलं, आजीला कळलं, पुरवणीवाल्यांना नाही कळलं.

रविवर्म्याने दुष्यंताला चौकटीत घेतलंच नाही, हे मला फार आवडतं. ज्याच्याकडे बघायचंय तो बाहेर, बघणारी आत. तरी मी त्याला पूर्ण माफ करत नाही, कारण ती बघतेय राजाला पण तिचा तो सगळा बाक वळवलाय आपल्याकडे. चित्रातली बाई चित्र बघणाऱ्यासाठी मांडून ठेवायची ही ट्रिक जुनीच आहे. टिशियन या इटालियन चित्रकाराने १५५६ ते ५९ मध्ये स्पेनच्या फिलिप राजासाठी 'डायना आणि ॲक्टिऑन' काढलं, त्यात ॲक्टिऑन हा शिकारी चुकून डायना देवीच्या आंघोळीच्या जागी पोचतो, गोष्टीत पुढे ती त्याचं हरीण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. फिलिपने तेच दृश्य हवा तेवढा वेळ बघितलं असेल, त्याला काही कुत्रं चावलं नाही.

तर एवढंच की चित्र परत छापा, पायासकट. आणि खालची ओळ पण बदला, 'काट्याचं निमित्त' असं काहीतरी घाला.

आपली,
एक वाचक, चिपळूण