स्मृतिदालनाचं सरकारी अनुदान दारात आहे, आपला वाटा कमी पडतो आहे

सप्रेम नमस्कार.

तुकाराम ओंबळे यांच्या केडंब्याच्या स्मारकाची बातमी आल्यापासून जो भेटतो तो मला एकच विचारतो. "सचिव, सरकार साडेतेरा कोटी देतंय, मग तुम्ही आपल्या पोलीस स्मृतिदालनासाठी अजून पावतीपुस्तक घेऊन कशाला फिरताय?" विचारणारे आपलेच आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. नाहीतर हे पत्र चार ओळींत संपलं असतं.

तुकाराम ओंबळे यांच्या केडंबे इथल्या स्मारकासाठी राज्य सरकारने मार्च २०२५ मध्ये १३ कोटी ४६ लाख रुपये मंजूर केले आणि २ कोटी ७० लाखांचा पहिला हप्ता जिल्हा प्रशासनाकडे आला, हे अगदी खरं. त्या दिवशी आपण पोलीस लाईनीत पेढे वाटले होते. जावळी तालुक्यातला माणूस, आधी फौजेत, मग मुंबई पोलिसांत सहायक फौजदार. २६ नोव्हेंबर २००८ च्या त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर त्यांच्या हातात फक्त काठी होती. समोरच्या एके-४७ ची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगावर घेतल्या, पकड सोडली नाही, आणि म्हणून कसाब जिवंत सापडला. मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. त्यांचं स्मारक भव्यच व्हायला हवं. मंजुरीला सोळा वर्षं लागली, याचं मात्र वाईट वाटतं.

पण तो निधी त्या स्मारकाचा आहे. त्यातला एक रुपया आपल्या दालनाकडे येणार नाही, आणि येऊही नये. आपलं दालन ज्यांच्यासाठी आहे, त्यांच्यातल्या बहुतेकांना पदक मिळालेलं नाही. रात्रीच्या नाकाबंदीत ट्रकखाली गेलेला शिपाई. पुराच्या पाण्यात लोकांना काढताना स्वतः वाहून गेलेला हवालदार. करोनाच्या बंदोबस्तात आठ दिवसांत संपलेला आपला वायरलेसवाला, ज्याच्या अंत्यविधीला आपण चौघेच जाऊ शकलो. गडचिरोलीत बदलीवर गेलेले आणि परत न आलेले. १ मे २०१९ ला जांभूळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात १५ जवान गेले, त्यांच्याबरोबर त्यांच्या गाडीचा चालकही गेला. तो पोलीस नव्हता. आपल्या भिंतीवर त्याची ओळ त्या पंधरांच्या शेजारीच असेल, खाली नाही. हा ठराव सर्वानुमते झाला आहे, तो मी मुद्दाम इथे नोंदवतो.

दिल्लीला चाणक्यपुरीत राष्ट्रीय पोलीस स्मारक आहे, २१ ऑक्टोबर २०१८ ला ते खुलं झालं. २१ ऑक्टोबर हा दिवस का, हे लाईनीतल्या पोरांना आता सांगावं लागतं. १९५९ साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या हल्ल्यात केंद्रीय राखीव पोलीस दलाचे १० जवान गेले, तो हा दिवस. मंडळाच्या सहलीत आपण तिथे गेलो होतो. तीस फूट उंच, २३८ टनांचा एकसंध पाषाण आणि बाजूच्या भिंतीवर हजारो नावं. उद्घाटनाच्या वेळी त्यांची संख्या ३४,८४४ होती. आपल्याबरोबरच्या आजींनी बोट फिरवत फिरवत अर्ध्या तासाने मुलाचं नाव शोधून काढलं. हात जोडले. मग मला विचारलं, "ह्याचा बक्कल नंबर कुठं लिवलाय?" बक्कल म्हणजे पोलिसाचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला.

मला उत्तर देता आलं नाही. आपलं दालन त्या दिवशी ठरलं. परतीच्या गाडीत अण्णांनी, म्हणजे आपल्या माजी अध्यक्षांनी, वहीच्या पानावर पहिली यादी केली आणि पहिल्या ओळीत लिहिलं : बक्कल.

आज आपल्याकडे ११४ बक्कल आहेत. पितळी, काही घासून गुळगुळीत झालेले, एक अर्धा वितळलेला. प्रत्येकाबरोबर घरच्यांनी सांगितलेली हकिगत लिहून घेतली आहे. हे काम आपल्या निवृत्त महिला हवालदार ताईंनी एकटीने केलं. पाटण, कोरेगाव, खटाव, माण, एसटीने हिंडून, स्वतःच्या तिकिटाच्या पैशाने. प्रवासखर्चाचं व्हाउचर त्यांनी आजवर एकदाही दिलेलं नाही आणि मी मागितलं की रागावतात. अण्णांनी निवृत्तिवेतनाचा पहिला महिना जसाच्या तसा आणून टेबलावर ठेवला आणि नाव छापाल तर पैसे परत घेईन असं बजावलं. लाकडी कपाटं ज्यांनी करून दिली त्या सुतारकाकांनी फक्त लाकडाचे पैसे घेतले. मजुरीचं विचारलं तर म्हणाले, "माझी पोरगी रात्री अकराला क्लासहून एकटी येते, ती कुणाच्या जिवावर?" पेठेतल्या गणेश मंडळाच्या मुलांनी यंदा डॉल्बी रद्द करून २१ हजार दिले. दहा दिवस डोळ्याला डोळा न लागलेल्या पोलिसांसाठी त्याच उत्सवातले पैसे यावेत, याचं मोल मला पावतीवर लिहिता आलं नाही. पुण्यातून दर दिवाळीला न चुकता मनीऑर्डर करणारे आणि आता मोबाइलवरून पाठवणारे आपले जुने ठाणे अंमलदार साहेब आहेत. लाईनीत वाढलेला आणि सध्या अमेरिकेत असलेला मुलगा आहे, त्याने वडिलांच्या सायकलीसह ५० हजार दिले. आणि त्या काकू. नवऱ्याचा शेवटचा गणवेश त्यांनी एकवीस वर्षं ट्रंकेत ठेवला होता. दर दिवाळीला काढून इस्त्री करायच्या, परत ठेवायच्या. तो त्यांनी आपल्या स्वाधीन केला तेव्हा एवढंच म्हणाल्या, की इस्त्री तुम्ही करा आता.

ही इस्त्री आपल्याकडून नीट होत नाही, हे कबूल करायला हवं. आपल्याला वापरायला मिळालेली खोली जुनी, कौलारू. गेल्या पावसात पश्चिमेची भिंत ओली झाली आणि स्टेशन डायऱ्यांच्या (ठाण्यातल्या रोजच्या नोंदवह्यांच्या) खालच्या फळीला वाळवी लागली. दोन डायऱ्या गेल्या. हाफपँटच्या जमान्यातल्या पायाच्या पट्ट्या, जुना बिनतारी संच, कंदील, शिट्ट्या हे सगळं सध्या माझ्या आणि उपाध्यक्षांच्या घरी पलंगाखाली आहे.

एक गोष्ट काही सभासदांना रुचलेली नाही, तीही सांगतो. दालनात सगळंच कौतुकाचं नसेल. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळी चालवली आणि परशुराम घार्गे यांच्यासह आपल्याच जिल्ह्यातली माणसं हुतात्मा झाली. तेव्हाची खाकी परक्या सरकारची होती. तो फलक दालनात पहिल्याच भिंतीला लागेल. 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद ज्यांनी जीव देऊन खरं केलं, त्यांची किंमत ते वाचल्यावरच कळते, असं माझं ठाम मत आहे.

आता अनुदान. प्रस्ताव एकूण ४२ लाखांचा : छत, भिंती, ओल न शिरणारी काचेची कपाटं, कागदांचं जतन, नावांची भिंत. त्याला तत्त्वतः मान्यता मिळाल्याचं पत्र आलं आहे. हे पत्र यायला चार वर्षं लागली. एका कार्यालयात तीच कागदपत्रं आपण तीनदा दिली, तिसऱ्यांदा पहिल्या पोचपावतीची प्रत दाखवूनही. असो, पत्र आलं. पण अट अशी, की खर्चाचा २० टक्के वाटा, म्हणजे ८ लाख ४० हजार, संस्थेच्या खात्यात आधी दिसला पाहिजे, तरच पहिला हप्ता निघेल. आपल्याकडे ५ लाख १५ हजार जमले आहेत. ३ लाख २५ हजार कमी आहेत. मुदत ३० सप्टेंबर. ती चुकली तर फाईल पुढच्या वर्षावर जाते, आणि आणखी एक पावसाळा त्या खोलीला झेपणार नाही.

सरकारने सगळंच का देऊ नये, असंही काही जण विचारतात. द्यायला हवं होतं, असं मलाही वाटत होतं. आता वाटत नाही. दालनाची कपाटं सरकार देईल, पण कपाटात काय ठेवायचं हे फक्त घरांना माहीत आहे, आणि ज्या घरांनी बक्कल दिले त्यांना गावाने आपला वाटा उचललेला दिसला पाहिजे.

एक सल आहे, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या २१ ऑक्टोबरला आपण २०० खुर्च्या मांडल्या होत्या. शोकसलामीला ३१ माणसं होती, त्यातली २४ हुतात्म्यांच्या घरची. त्याआधीच्या वर्षी व्यासपीठावरून २ लाखांची देणगी जाहीर झाली, टाळ्या झाल्या, फोटो आला. रक्कम आजतागायत आलेली नाही. मी सहा वेळा जाऊन आलो. बंदोबस्त नसेल तर आपली यात्रा होत नाही, मिरवणूक निघत नाही, परीक्षा होत नाही. वर्षातून एक सकाळ अर्धा तास उभं राहायला माणसं मिळू नयेत, हे मनाला लागतं. घरच्यांनी रिकाम्या खुर्च्या मोजलेल्या मी पाहिल्या आहेत.

देणगी रोख, चेक किंवा मोबाइलवरून. खाते क्रमांक व क्यूआर कोड कार्यालयाच्या फलकावर (फक्त तिथलाच वापरा, फोनवर आलेला नको), पावती लगेच घ्यावी, देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जुन्या कररचनेत आणि रोख असल्यास २ हजारांपर्यंतच, ५ हजारांवर देणाऱ्यांनी पॅन द्यावा, जाहीर करून नंतर देऊ असं कृपया नको. वस्तू देणाऱ्यांनी बक्कल नंबर, ठाणं, साल आणि आठवेल ती हकिगत सांगावी. जुनी शस्त्रं किंवा काडतुसं कुणीही आणू नयेत, ती आधी ठाण्यात दाखवावीत. रविवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ७ खोली उघडी असते, चावी उपाध्यक्षांकडे. ३० सप्टेंबरला बँक ४ वाजता बंद होते, त्या दिवशी धावत येऊ नका, आधी या.

यंदा २१ ऑक्टोबरला सकाळी पावणेआठला कवायत मैदानावर सलामी आहे. खुर्च्या पुन्हा २०० मांडणार आहोत.

आपला,
सचिव
(सर्व कार्यकारिणी सभासदांच्या वतीने)