गिअरबॉक्सात कोणतं ऑइल, ते नीट छापा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गाडीच्या देखभालीवर तुमचा लेख आला, त्यात एक ओळ होती का गिअरबॉक्सात जीएल-४ ऐवजी जीएल-५ ऑइल टाका (हे गिअर ऑइलचे दोन वर्ग, डब्यावर लिहिलेले असतात), ते नवीन आहे, जास्त ताकदीचं आहे, अन् गाडी जोरात पळवणाऱ्यांनी तर तेच टाकावं. आमच्या गावातल्या दोन पोरांनी ते पान कापून ठेवलं, एकजण तर दुसऱ्याच दिवशी वणीला डबा आणायला निघाला होता, त्याला मी रस्त्यातच थांबवलं. म्हणून हे पत्र.

माझी शेती आहे, कापूस अन् तूर. गाडीचा नाद लहानपणापासूनचा. घरी एक पेट्रोल हॅचबॅक आहे, हाताने गिअर टाकायची, याच गाडीत खताच्या बॅगा येतात, आई दवाखान्यात जाते, अन् वर्षातून एकदा मी हीच गाडी घेऊन पाटणबोरीवरून आदिलाबाद, हैदराबाद करत चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जातो. ३.७१७ किलोमीटरचा तो ट्रॅक आहे, तिथं दिवसभर चालवायचं अन् त्याच गाडीने हजारेक किलोमीटर परत यायचं. म्हणजे मला दोन गाड्यांची अन् दोन ऑइलांची चैन नाही, जे टाकलं त्याच्यावर कोळशाच्या ट्रकांमागून दुसऱ्या गिअरमध्ये रेंगाळणंही झालं पाहिजे अन् ट्रॅकवर चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा असं धडाधड खाली येणंही झालं पाहिजे.

तुमच्या लेखातली चूक मी स्वतः पैसे देऊन शिकलेलो आहे. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तालुक्याच्या एका गॅरेजात गिअर ऑइल बदलायला दिली. त्यांच्याकडे एकच ड्रम, ईपी ९० (म्हणजे जास्त दाब सहन करणारं, ९० नंबर जाडीचं), जीएल-५ चा, ट्रॅक्टर असो, जीप असो का कार, सगळ्यात त्याच ड्रममधून. मीही विचारलं नाही. दोनेक महिन्यांत तिसऱ्यातून दुसरा टाकताना खर्र असा आवाज यायला लागला, पहिले थंडीत सकाळी, मग दिवसभर. ऑइल काढलं तर ड्रेन बोल्टच्या चुंबकावर काळपट लोण्यासारखा थर, तो तर थोडाफार सगळ्याच गाड्यांत निघतो, पण ट्रेमधल्या ऑइलात उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी दिसत होती. पितळ चुंबकाला चिकटत नाही ना, ते ऑइलातच फिरतं. ती माझ्या दुसऱ्या गिअरची सिंक्रो रिंग होती, म्हणजे गिअर टाकताना वेग जुळवणारी पितळेची रिंग, झिजून झिजून ऑइलात उतरलेली. नंतर जीएल-४ टाकलं, आवाज कमी झाला पण गेला नाही, शेवटी गिअरबॉक्स उतरवून रिंग बदलावी लागली, दोन क्विंटल कापसाचे पैसे गेले.

आता हे काहून होतं ते सांगतो, कारण लेखात नेमकं तेच नव्हतं. गिअर बदलताना हीच पितळेची रिंग गिअरच्या निमुळत्या शंकूसारख्या भागाला घासते अन् त्या घासण्यानेच फिरणाऱ्या दोन भागांचा वेग सारखा होतो, मग दात बिनआवाज बसतात. म्हणजे तिथं थोडं घर्षण पाहिजेच. विहिरीतून बादली ओढताना हाताला तेल लागलेलं असलं तर दोर सुटतो, तसं आहे हे. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसवाले दाब सहन करणारे पदार्थ जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, त्यामुळे बऱ्याच गिअरबॉक्सांत ते रिंगला पाहिजे त्यापेक्षा निसरडं पडतं, रिंग पकडत नाही, वेग जुळत नाही, अन् आपण दांडा रेटतो तेव्हा दातावर दात घासतात. जुने मेकॅनिक म्हणतात का जीएल-५ पितळ खातं. ते अर्धं खरं आहे, गरम झाल्यावर गंधक पितळेवर काम करतं, पण आजकालच्या बऱ्याच जीएल-५ ऑइलांत त्याला आवर घालणारे पदार्थ असतात अन् तांब्याची पट्टी गरम ऑइलात ठेवून पाहायच्या चाचणीत ती ऑइलं चांगली निघतात. खरा घोळ निसरडेपणाचा आहे, अन् तो ट्रॅकवर सगळ्यात आधी दिसतो कारण तिथं गिअर घाईत अन् जास्त आरपीएमवर पडतो, रिंगला वेग जुळवायला वेळच मिळत नाही.

अन् जीएल-५ हे जीएल-४ ची सुधारलेली आवृत्ती नाहीच. दोघांची कामं वेगळी. एकेकाळी जीएल-६ पण होतं, ते कधीचंच बंद झालं, तर मोठा आकडा म्हणजे चांगलं ऑइल असं म्हणता येत नाही. जीएल-५ ची जागा मागच्या क्राऊन-पिनियनमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सातून आलेला जोर चाकांकडे वळवणाऱ्या गिअरांत. आमच्याकडच्या काळीपिवळ्या जीपा, पिकअप, यांचा क्राऊन हायपॉइड असतो, त्यात दात एकमेकांवर दाबाखाली घसरत फिरतात, तिथं जीएल-४ टाकलं तर क्राऊन लवकर जाईल. म्हणून त्या गाड्यांत गिअरबॉक्सात एक अन् क्राऊनमध्ये दुसरं असं दोन ऑइल लागू शकतं, एका ड्रममधून दोन्ही भरायचं नाही. पुढची चाकं ओढणाऱ्या कारमध्ये बहुतेक क्राऊन गिअरबॉक्सातच असतो पण हायपॉइड नसतो, साधे तिरप्या दाताचे गिअर असतात, त्यांना जीएल-४ पुरतं. अपवाद आहेत. सुबारूसारख्या गाड्यांत हायपॉइड क्राऊन गिअरबॉक्साच्याच घरात आहे, कंपनी स्वतः जीएल-५ सांगते. काही होंडांना त्यांचं वेगळं एमटीएफ, म्हणजे कंपनीचं स्वतःचं गिअरबॉक्स ऑइल लागतं. म्हणून पहिले गाडीचं बुक उघडा, मग दुकानात जा. ट्रॅक्टरचं तर अजूनच वेगळं, ब्रेक ऑइलात बुडालेले असले तर त्याला यूटीटीओ, म्हणजे गिअर, हायड्रॉलिक अन् ब्रेक सगळ्यांना एकच चालणारं ट्रॅक्टरचं ऑइल लागतं, त्या ऑइलाचा कारशी काही संबंध नाही.

लेखात ९० नंबर म्हणजे इंजिनच्या ४० पेक्षा दुपटीने जाड असंही सुचवलं होतं, तेही चुकीचं. दोन्ही मापं वेगळी आहेत. १०० अंशाला इंजिनचं ४० ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकमध्ये (हे ऑइलच्या जाडीचं माप) असतं अन् गिअरचं ९० हे १३.५ ते १८.५ मध्ये, म्हणजे जवळजवळ शेजारीच. त्या ओळीच्या भरवशावर कोणी गिअरबॉक्सात पातळ म्हणून ८० टाळून १४० टाकलं तर थंडीत सकाळी दुसरा गिअर पडायला लय जड जाईल.

मी सध्या ७५डब्ल्यू-९० टाकतो (७५डब्ल्यू ही थंडीतली जाडी, ९० ही गरम झाल्यावरची), जीएल-४, फुल सिंथेटिक. माझ्या गाडीच्या बुकात ७५डब्ल्यू-८० पण चालतं म्हणून लिहिलंय अन् नुसतं गावात-शहरात चालवायचं असेल तर तेच घ्या, गिअर हलका पडतो. ट्रॅकसाठी ९० काहून, तर साध्या कारच्या गिअरबॉक्साला ना पंप असतो ना कूलर, गिअर फिरतात अन् ऑइल उडवतात तेवढंच, गार व्हायला बाहेरून लागणारी हवा. तिथं मी पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारतो अन् तेवढ्यातच ऑइल लय तापतं, तापलं का पातळ होतं, अन् दातांमधला थर फाटतो. मिनरल ऑइल उष्णतेने लवकर काळं पडतं, सिंथेटिक टिकतं. ड्रमवाल्यापेक्षा तिप्पट-चौपट महाग पडतं, पण छोट्या गाडीला दोन लिटरच्या आसपासच लागतं. मी ट्रॅकवरून आलो का बदलूनच टाकतो, बुकातल्या किलोमीटरची वाट पाहत नाही.

बदलताना एक गोष्ट, पहिले भरायचा बोल्ट सुटतो का ते पाहा अन् मगच खालचा काढा. वरचा जाम निघाला अन् ऑइल सगळं खाली गेलं तर गाडी तिथंच उभी. गाडी सपाट जागेवर, ऑइल कोमट, अन् भरताना बोल्टच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत, त्याच्या वर नाही. जास्त भरलं तर ते घुसळून अजून तापतं अन् ब्रीदरमधून, म्हणजे हवा जायच्या भोकातून, बाहेर येतं. कमी भरलं तर बऱ्याच गाड्यांत पाचवा गिअर टोकाला असतो, तो आधी कोरडा पडतो, अन् समृद्धीवर १२० ने तासन्‌तास पाचव्यातच चालवणाऱ्यांनी हे तर नक्कीच पाहावं. सील पाझरत असलं तर लेव्हल तपासल्याशिवाय नागपूरला सुद्धा निघू नका.

साहेब, आमच्या भागात गॅरेजवाले अन् पोरं तुमच्या पेपरात आलं म्हणजे खरंच असेल असं धरून चालतात, म्हणून एवढी विनंती का पुढच्या रविवारी त्याच पानावर ही दुरुस्ती छापा, अन् तिच्यात गिअरबॉक्स अन् क्राऊन हे दोन शब्द वेगवेगळे लिहा.

आपला,
एक वाचक
ता. वणी, जि. यवतमाळ